तांबड्या रंगाचे दोन हात

मित्रांनो, माझ्याकडे बघून कोणी घाबरत नाही. डोके एवढेसे, त्यालाही एका बाजूने टवका गेलेला. दांडा तर तिसरा आहे. आधीच्या दोघांनी कधीच राम म्हटला. होय, मी एक जुनी हातोडी आहे, पण खिळे ठोकणारी नव्हे. ते काम माझ्या चुलत बहिणींचे. मी पुलाची तब्येत विचारणारी हातोडी. माझी गोष्ट तशी लहान मुलांना सांगण्यासारखी नाही. तरी सांगते, कारण शेवटी तुमच्याकडे माझे एक काम आहे.

एका लोहाराने मला मोडक्या गाडीच्या आसापासून घडवले. ज्याने मला मागवले होते त्याला भारी हातोडी हवी होती. लोखंड कमी पडले, मी हलकी झाले आणि त्याने तोंड वाकडे केले. शेजारी आणखी एक गिऱ्हाईक उभे होते. त्याने मला उचलले, ऐरणीवर एकदा वाजवले, कान पुढे करून ऐकले आणि म्हणाला, "ही मी घेतो. हिला ऐकू येतं." मला नाकारणाऱ्याचे तोंड मला आज आठवत नाही, पण हे वाक्य अजून आठवते.

तो पूल बांधणाऱ्या टोळीचा मुकादम होता. टोळीतली माणसे त्याला मामा म्हणत. त्या काळी पुलाच्या लोखंडी पट्ट्या रिव्हेटने जोडत. जुन्या पुलावर अर्ध्या लिंबाएवढी गोल बटणे ओळीने दिसतात ना, तेच रिव्हेट. एक जण भट्टीत रिव्हेट लाल करायचा, चिमट्याने वर फेकायचा. दुसरा तो डब्यात झेलायचा आणि भोकात घालायचा. मग दोघे दोन बाजूंनी त्याला ठोकून गच्च करायचे. सगळा खेळ तो गार होण्याच्या आत. गार होताना रिव्हेट आखडतो आणि पट्ट्यांना मिठी मारतो. भोकात तर सुईलाही जागा उरत नाही.

मग माझी पाळी यायची. मुकादम रिव्हेटच्या एका कडेला बोट लावायचा आणि दुसऱ्या कडेला मला हलकेच मारायचा. घट्ट रिव्हेट खणखणीत बोलतो. सैल असेल तर आवाज थप्प येतो आणि बोटाला बारीक थरथर लागते. एकही रिव्हेट माझ्याशी खोटे बोलला नाही. माणसांबद्दल मी असे सांगणार नाही.

मुकादमाचा एक नियम होता. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवण्याआधी त्यांच्या आतल्या, पुन्हा कधीच न दिसणाऱ्या बाजूंना तांबडा रंग द्यायचा. एक हात देऊन वाळू द्यायचा, मग दुसरा हात. आत ओल शिरली की लोखंड आतून सडते, म्हणून. टोळीत कोणी नवा आला आणि त्याने अंगचोरपणा केला, तर मुकादम त्याला बाजूला घ्यायचा. "बाहेरचा रंग बघणाऱ्यांसाठी असतो रे," तो म्हणायचा, "आतला पुलासाठी असतो." कित्येक माणसे त्याच्या हाताखाली शिकून गेली. रिव्हेट ठोकणे एखादा विसरला असेल, पण आतून दोन हात देणे कोणी विसरले नाही.

आणि मग बोल्ट आले.

चकचकीत नव्हते, काळसर होते. गुमान पेट्यांमधून आले. भट्टी नको, झेलणारा नको, रस्त्यापर्यंत जाणारा आवाज नको. भोकात घालायचा, खाली वायसरची चकती, वर नट, आणि लांब पान्याने आवळत न्यायचा. भट्टी भंगारात गेली त्या दिवशी टोळीतला एक जण म्हणाला, "मामा, आता चहा कशावर तापवायचा?" सगळे हसले. मुकादमही हसला, पण त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही.

ही बोल्टची विद्या शिकून आमच्या गावी आली ती दुसरीतिसरी कोणी नव्हे, मुकादमाची स्वतःची लेक. पुलांची इंजिनीअर. गावाजवळच्या नदीवर मुकादमाच्याच टोळीने पूर्वी बांधलेला एक जुना पूल होता, त्याच्या दुरुस्तीचे काम तिच्याकडे आले आणि टोळी आली तिच्या बापाची. मुकादमाला कोण आनंद झाला. घरी त्याने बायकोला तीनदा तरी सांगितले की लेक आपली साहेब झाली. बायको म्हणाली, "ऐकलं हो. आता शेजाऱ्यांना सांगा, मला काम आहे."

पण कामावर मोठी पंचाईत झाली. टोळीसमोर ती त्याला बाबा म्हणेना, मुकादम म्हणू लागली. तोही चेहरा गंभीर करून तिला मॅडम म्हणे. माणसे पाठ फिरवून हसत.

नदीच्या मधोमध, दुसऱ्या खांबाजवळ, एक मोठा सांधा होता. त्यातले अर्धे रिव्हेट झिजले होते. ते काढून तिथे नव्या पट्ट्या आणि बोल्ट घालायचे, शेजारचे धडधाकट रिव्हेट तसेच ठेवायचे, असे ठरले. नव्या पट्ट्या कारखान्यातून आल्या त्या आतल्या बाजूने मुद्दाम खरखरीत केलेल्या, रंगाचा टिपूस नसलेल्या. लेक सर्वांसमोर म्हणाली, "मुकादम, यांची आतली बाजू कोरीच ठेवायची."

"बरं मॅडम," मुकादम म्हणाला.

मित्रांनो, साऱ्या गोष्टीतला घातवार हाच. तिला कारण सांगता आले असते. पण चारचौघांत बापाला धडा देते आहे असे दिसेल, म्हणून ती गप्प राहिली. त्याला कारण विचारता आले असते. पण टोळीसमोर लेकीपुढे अडाणी ठरायचे त्याच्या जिवावर आले. घरी गेल्यावर दोघे पुन्हा बाप-लेक झाले, आणि घरी कामाचे बोलायचे नाही असा आईचा दंडक होता.

पट्ट्या नदीकाठी पडून होत्या. दमट वाऱ्याने त्यांच्यावर तांबूस झाक येऊ लागली. मुकादम येता-जाता ती बघे आणि त्याचा जीव खालीवर होई. त्याला वाटले, ठेकेदाराने रंगाचे पैसे वाचवले आणि पोरीला काहीतरी सांगून गुंडाळले. उद्या सांधा सडला की बोल तिलाच लागेल. सुट्टीच्या आदल्या दिवशी, टोळी जेवायला गेली असताना, त्याने स्वतः त्या पट्ट्यांवरचा गंज पुसला आणि तांबड्या रंगाचा एक हात दिला. सुट्टीच्या दिवशी एकटाच येऊन दुसरा दिला. इतक्या मायेने रंग देताना मी त्याला कधी पाहिले नव्हते. मी त्याच्या कमरेला होते, आणि मला त्याचे फार कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी लेक पलीकडच्या काठावर दुसऱ्या सांध्यात गुंतलेली असताना इथे पट्ट्या बसल्या. कडेला आलेला रंग मुकादमाने रॉकेलच्या फडक्याने पुसून काढला. लेक आली, तिने एकेक बोल्ट तपासला, प्रत्येक नट किती फिरला ते पाहिले. सगळे बरोबर होते. मुकादमाने जुन्या सवयीने मला काढले आणि बोल्ट वाजवून पाहिले. सगळे खणखणीत बोलले.

ते खोटे बोलले नाहीत. बोल्ट घट्टच होते. पण तुम्ही घट्ट आहात का, एवढेच मला विचारता येते. तुम्ही ज्याला धरून आहात ते जागेवर आहे का, हे विचारायला मला कोणी शिकवले नव्हते.

पूल उघडला. लेकीचे कौतुक झाले, मुकादमाला शाल मिळाली आणि लगेच निवृत्तीही. टोळी पांगली, जो तो जिथे काम मिळाले तिथे गेला. मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकले. मुकादमाची बायको मला वापरून आले ठेची. ज्या कानाने मी पूल ऐकले, त्या कानात आल्याचा रस गेला. तक्रार करून सांगते कोणाला?

घर नदीच्या चढावर होते. खिडकी उघडी असली की पुलावरून जाणारी गाडी ऐकू येई. पहिल्या हिवाळ्यात एकदा सिमेंटचा ट्रक गेला आणि मागोमाग एक आवाज आला. टक्. कोणी बोटे मोडावीत तेवढाच. मी खिळ्यावर होते तिथे ताठ झाले.

मुकादमाची बायको पलीकडच्या काठावर शिवणाच्या दुकानात कामाला जाई, रोज बसने. ती एक दिवस म्हणाली, "पूल हल्ली बोलतो हो. बस मधोमध गेली की टक् करतो. परतताना पुन्हा टक्."

"नवीन काम आहे," मुकादम म्हणाला, "बसतंय."

"वर्ष होत आलं. किती दिवस बसायचं?"

"तू शिवणाचं बघ."

तिने बघितले. पण त्यानंतर ती बसमध्ये दाराजवळच्या जागेवर बसू लागली, हे तिने घरात कोणाला सांगितले नाही. मला कसे कळले म्हणाल, तर आले ठेचताना ती स्वतःशीच बोलायची.

आवाज वाढत गेला. आधी फक्त भरलेल्या ट्रकला येई, मग बसला येऊ लागला, मग दुधाच्या गाडीलाही. लेक दोनदा येऊन गेली. तिने पाना लावून पाहिला, एकही नट सैल नव्हता. सांध्याच्या बाहेरच्या रंगाला कडेने केसासारखी चीर गेली होती आणि तिच्यातून तांबूस पाणी ओघळले होते. ती बराच वेळ त्या चिरेकडे बघत बसली. तिला तिचा अर्थ लागेना, आणि तिची झोप उडाली.

अशात बातमी आली की वीजघराचे अवजड यंत्र घेऊन एक ट्रेलर येणार आहे. इतके ओझे त्या पुलावरून कधीच गेले नव्हते. पूल नुकताच दुरुस्त झालेला, म्हणून वरून परवानगीही मिळून गेली होती.

ट्रेलर यायच्या आदल्या दिवशी मुकादमाने मला खिळ्यावरून काढले, पदराला पुसावे तसे शर्टाला पुसले आणि पुलावर नेले. बायको पलीकडे बहिणीकडे राहायला गेली होती, अडवायला घरात कोणी नव्हते. तो खाली सांध्यापर्यंत उतरला. बोल्ट वाजवले: खणखणीत. मग सहज म्हणून शेजारचे जुने रिव्हेट वाजवले, जे आम्ही धडधाकट म्हणून ठेवले होते.

थप्प.

दुसरा. थप्प. तिसऱ्याला बोट लावले तर बोट थरथरले. मित्रांनो, हे रिव्हेट मी त्यांच्या तरुणपणापासून ओळखत होते. ते सगळे थकून मरायला टेकले होते. मला भीती वाटली. लोखंडालाही भीती वाटते. ती फक्त गार असते.

संध्याकाळी लेक आली. मुकादमाने जेवण रांधले होते, जमेल तसे. तेलाचे हात घेऊनच तो बोलायला बसला. "मला एक कोडं सुटत नाही बाळ," तो म्हणाला, "तुझे बोल्ट एकदम ठणठणीत. आणि शेजारचे माझे रिव्हेट, चांगले होते ते, सगळे सैल झालेत. शेजारी एवढा दांडगा गडी उभा असताना म्हाताऱ्याला ओझं का पडावं?"

लेकीचा घास हातातच राहिला. "म्हणजे बोल्ट ओझं घेतच नाहीयेत," ती सावकाश म्हणाली. "सगळं रिव्हेटवर आलंय. पट्ट्या घसरतायत. तो आवाज त्याचाच. पण का घसरतील? आतून कोऱ्या होत्या, खरखरीत होत्या."

"कोऱ्या?" मुकादम हसला. इतके दिवस मनात ठेवलेली भेट काढून द्यावी तसा हसला. "मी तुझं काम कोरं ठेवू देईन होय? आतून दोन हात दिलेत मी. स्वतः."

लेकीने हातातला घास ताटात परत ठेवला. तिचा चेहरा पाहून मुकादमाचे हसू हळूहळू उतरले. मग तिने लोणच्याची बरणी पुढे ओढली, झाकण गच्च लावले आणि त्याच्यासमोर ठेवली.

"बाबा, हे उघडा."

तो हात पुसायला फडके शोधू लागला.

"पुसू नका. तसेच उघडा."

त्याने झाकण धरले. हात सटकला. त्याने जोर लावून दाबून धरले, पुन्हा सटकला. रिव्हेट ठोकून ज्या हातांना घट्टे पडले होते, त्या हातांना एक झाकण फिरेना.

"कितीही आवळा," लेक म्हणाली. "रिव्हेट भोक भरून टाकतो. बोल्ट भोकात सैलच असतो, तो नुसतं दाबून धरतो. कोरं लोखंड कोऱ्या लोखंडाला चावून बसतं, त्यावर सगळं उभं असतं. मध्ये रंग आला की…"

मुकादमाने बरणी खाली ठेवली आणि आपल्या हातांकडे बघितले. त्याचे तोंड एका क्षणात म्हातारे झाले. एवढे वाईट मला कधीच वाटले नव्हते, भट्टी भंगारात गेली तेव्हाही नाही.

लेकीने आपल्या वरच्या साहेबांना फोन लावला. पूल बंद करा म्हणाली, ट्रेलर थांबवा म्हणाली. साहेब म्हणाले, काम तुझेच आहे, तपासले तूच आहेस. ती म्हणाली, "हो. माझंच आहे. म्हणून सांगतेय." बराच वाद झाला. शेवटी सकाळी पहिल्या प्रकाशात दोन्ही काठांवर वाहने अडवायचे ठरले.

सकाळी बाप-लेक अलीकडच्या काठावर रिकामी पिंपे आडवी लावून उभे होते. मी मुकादमाच्या हातात होते. ट्रेलर येऊन थांबला होता, त्याच्या मागे रांग लागली होती. ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "काका, पूल तर नवाकोरा दिसतोय. उगाच कशाला खोळंबा?" मुकादमाचे तिकडे लक्ष नव्हते. तो पुलाकडे बघत होता, कारण पलीकडून बस येत होती.

पलीकडच्या चौकीदाराला वाहने अडवा म्हणून निरोप गेला होता. त्याने ट्रक अडवले, टेम्पो अडवले. बस मात्र त्याला वाहन वाटली नाही. बस रोजचीच.

लेकीने हात उंचावले, ओरडली. पण बस मधोमध आली होती, तिथून तिला मागेही जाता येईना. मुकादम मला घेऊन पुलावर धावला. का धावला ते त्यालाही सांगता आले नसते. बस सांध्यावर आली. टक्. आणि त्याच्या पाठोपाठ एक वेगळा आवाज आला, जो मी आयुष्यात ऐकला नव्हता, पण ऐकताच ओळखला. एका रिव्हेटचे डोके तुटून उडाले आणि खाली नदीत पडले. रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकले. मग दुसरे उडाले. पूल अंगभर शहारला.

बस चालतच राहिली, हळू, काठापर्यंत. दार उघडले. पहिली उतरली ती दाराजवळच बसलेली मुकादमाची बायको, हातात कापडाची पिशवी घेऊन. तिने नवऱ्याकडे बघितले. तो पुलाच्या तोंडाशीच थांबला होता, धाप लागलेला.

"बसला का तुमचा पूल?" ती म्हणाली. आणि तिथेच रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली.

ट्रेलरचा ड्रायव्हर गुपचूप आपल्या केबिनमध्ये चढला आणि गाडी मागे घेऊ लागला.

सांधा उघडला तेव्हा मीही तिथे होते. आत तांबडा रंग होता, घासून घासून आरशासारखा गुळगुळीत झालेला. बोल्ट एका बाजूला कलले होते, भोके लांबट झाली होती. मुकादमाने कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः मांडी घालून बसला आणि आपलाच रंग खरवडू लागला. टोळीतला आता कोणी नव्हता, हसायलाही नाही.

"काळजीच घेतली होती गं," तो म्हणाला.

"माहीत आहे बाबा. मीच कारण सांगायला हवं होतं."

ती त्याच्याशेजारी बसून खरवडू लागली. थोड्या वेळाने तिचा हात थांबला. "बाबा," ती म्हणाली, "टोळीतली माणसं कुठे कुठे गेली?"

मुकादमाचा हातही थांबला. टोळीतला प्रत्येक जण आता कुठे ना कुठे बोल्टच्या पुलावर होता. आणि प्रत्येक जण त्याच्याच हाताखाली शिकला होता.

तेव्हापासून ते दोघे हिंडत आहेत, आणि मी पिशवीत आहे. आले आता पाट्यावर वाटले जाते. काही पुलांचे सांधे कोरे निघाले, तिथे कोणीतरी कारण विचारले होते किंवा सांगितले होते. काही ठिकाणी आत तांबडा रंग निघाला, दोन हात, उत्तम दिलेला. काही माणसांचा पत्ताच लागत नाही. एक जण वारला, एक जण भांडून गेला तो कुठे गेला कोणास ठाऊक. त्यांनी कोणकोणते पूल बांधले हे आम्हाला माहीत नाही. त्यांवरून आज गाड्या जात आहेत.

म्हणून मित्रांनो, माझे तुमच्याकडे हे काम आहे. कोणी तुम्हाला एखादी गोष्ट अशीच ठेवा म्हणाले आणि तुम्हाला ती तशी ठेवणे पटले नाही, तर आपल्या मनाने चांगले करायला जाऊ नका. आधी का ते विचारा. आणि सांगणारे तुम्ही असाल तर न विचारता सांगा.

आणि पुलावरून जाताना मधोमध कुठे टक् असा आवाज आला, तर मोठ्या माणसांना सांगा. ते म्हणतील, नवीन काम आहे, बसतंय. तुम्ही पुन्हा सांगा.